एफ सिग्निफिकंट आहे, पण एकही जोडी वेगळी निघत नाही

थिसिस जमा करायच्या आधीचे दोन महिने माझ्याकडे जी मुलं येतात, त्यांच्या तक्रारी ऐकायला वेगवेगळ्या, पण मुळात एकच असतात. त्यांत येणारे शब्द आधी सांगते. अ‍ॅनोव्हा म्हणजे अनेक गटांच्या सरासऱ्यांची एकत्र तुलना. एफ म्हणजे गटांमधला फरक योगायोगाच्या फरकाच्या किती पट आहे तो आकडा. तो सिग्निफिकंट म्हणजे फरक निव्वळ योगायोगाचा मानणं अवघड. ‘ट्रीटमेंट’ म्हणजे प्रयोगात तुलना करायचे उपचार, आणि टुकी व सीडी (क्रिटिकल डिफरन्स) ह्या त्यांच्या जोड्या तपासायच्या कसोट्या. लक्षणं अशी:

- अ‍ॅनोव्हात एफ सिग्निफिकंट आला, पण टुकीनं सगळ्या ट्रीटमेंटना एकच अक्षर दिलं, म्हणजे कुठलीच जोडी वेगळी नाही.
- उलट प्रकार: एफ नॉन-सिग, पण सीडी लावली तर दोन जोड्या वेगळ्या निघतात.
- एक्सेलमध्ये एक उत्तर, आरमध्ये दुसरं, एसपीएसएसमध्ये तिसरं (आर आणि एसपीएसएस ही सांख्यिकीची सॉफ्टवेअर). डेटा तोच.
- उंची, फांद्या, शेंगा, उत्पादन, जे घालावं त्याचा एफ प्रचंड आणि पी (खरा फरक नसताना इतका मोठा एफ येण्याची शक्यता) ०.०००.
- शेतात नजरेला फरक स्पष्ट दिसला होता, टेबलात मात्र काही नाही.

कृषीची मुलं जास्त येतात, पण फार्मसी, शिक्षणशास्त्र, मानसशास्त्र, गृहविज्ञान इथूनही येतात. विषय बदलला तरी दुखणं त्याच सात-आठ जागी सापडतं. म्हणून ज्या क्रमानं मी तपासते तोच क्रम इथे देते. पहिल्या दोन तपासण्यांना दहा मिनिटं लागतात आणि बरेचजण तिथूनच बरे होऊन जातात.

समजावायला एक उदाहरण सोबत ठेवू. आकडे मी सोयीसाठी घेतलेत, कॅल्क्युलेटरवर पडताळून बघा. सोयाबीन, पाच ट्रीटमेंट, चार रेप्लिकेशन, आरबीडी (शेताचे ब्लॉक पाडून प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक ट्रीटमेंट एकदा; असा एक ब्लॉक म्हणजे एक रेप्लिकेशन), म्हणजे २० प्लॉट. हेक्टरी क्विंटलमध्ये सरासरी: कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेली) १८.०, दुसरी १८.२, तिसरी २०.०, चौथी २१.८, पाचवी २२.०. टेबल असं (डीएफ म्हणजे स्वातंत्र्यमात्रा, एसएस म्हणजे फरकांच्या वर्गांची बेरीज, एमएस म्हणजे एसएस भागिले डीएफ, एरर म्हणजे कशानंच न समजावलेला, उरलेला फरक):

रेप्लिकेशन: डीएफ ३, एसएस ४२.००
ट्रीटमेंट: डीएफ ४, एसएस ५७.९२, एमएस १४.४८
एरर: डीएफ १२, एसएस ४८.००, एमएस ४.००
एकूण: डीएफ १९, एसएस १४७.९२

एफ ३.६२. पाच टक्के पातळीला ४ आणि १२ डीएफसाठी टेबलमधलं मूल्य ३.२६. म्हणजे सिग्निफिकंट. सीव्ही (एररच्या एमएसचं वर्गमूळ, एकूण सरासरीच्या टक्क्यांत) १० टक्के, शेतातल्या प्रयोगाला ठीक.

पहिली तपासणी: पी बघू नका, डीएफ बघा

प्रिंटआउट हातात आला की सगळ्यांची नजर पी-व्हॅल्यूवर जाते. मी तो रकाना हातानं झाकते आणि डीएफ मोठ्यानं वाचायला सांगते. डीएफचा रकाना सांगतो की सॉफ्टवेअरनं तुमचा प्रयोग काय समजून घेतला. तो शेतातल्या मांडणीशी जुळला नाही, तर पुढचा प्रत्येक आकडा दुसऱ्याच कुठल्यातरी प्रयोगाचा आहे.

पाच ट्रीटमेंट असतील तर तिथे ४ हवेत. तिथे १ दिसला, तर सॉफ्टवेअरनं १, २, ३, ४, ५ हे ट्रीटमेंटचे क्रमांक खरे आकडे धरले आणि त्यातून सरळ रेषा काढली. वरच्याच डेटावर ही चूक केली तर एफ १५.५० येतो. मूल खूश होतं, गाइडही खूश होतात, आणि तो आकडा निव्वळ चुकीचा असतो. ट्रीटमेंटना क्रमांक कुठला द्यायचा हे तुमच्या हातात होतं. क्रम बदलला की तो एफही बदलेल. आरमध्ये त्या रकान्याला फॅक्टर करा, म्हणजे ते आकडे नसून गटांची नावं आहेत हे त्याला सांगा. एसपीएसएसमध्ये तो ‘फिक्स्ड फॅक्टर’च्या खान्यात टाका, ‘कोव्हेरिएट’च्या नव्हे.

४ ऐवजी ५ दिसले तर? मग कुठेतरी सहावी ट्रीटमेंट तयार झाली आहे. बहुतेक वेळा एका ओळीत ‘कंट्रोल’च्या पुढे एक स्पेस पडलेली असते. डोळ्यांना दिसत नाही, पण सॉफ्टवेअरला तो वेगळा शब्द वाटतो.

आणि एररचे डीएफ १२ ऐवजी १९२ किंवा १९५ असतील, तर थेट सातव्या तपासणीवर जा. तो मोठा आजार आहे.

दुसरी तपासणी: टायपिंग

प्रत्येक ट्रीटमेंटचा किमान आणि कमाल आकडा काढा. २१.८ च्या जागी २१८ एकदा जरी पडलं तरी एररचा एमएस इतका फुगतो की खरा फरकही बुडतो. २.१८ पडलं तर सहज नजरेतून सुटतं. विचित्र आकडा दिसला की फिल्ड बुक उघडा, मूळ नोंद बघा आणि नोंदीप्रमाणे दुरुस्त करा. नोंदीतही तोच आकडा असेल तर तो ठेवा. नकोसा आकडा म्हणून खोडायचा नाही.

तिसरी तपासणी: रेप्लिकेशन मॉडेलमध्ये आहे का?

शेतात आरबीडी आणि संगणकात सीआरडी (ब्लॉक नसलेली मांडणी), हे मी दर हंगामात बघते. वरच्या उदाहरणात रेप्लिकेशनचा एसएस ४२ आहे. तो वेगळा काढला नाही तर एररमध्ये जाऊन बसतो: ४८ अधिक ४२, भागिले १५, म्हणजे ६.००. एफ येतो २.४१ आणि टेबलमधलं मूल्य ३.०६. नॉन-सिग! वर्षभराची मेहनत एका न टाकलेल्या रकान्यामुळे वाया गेल्यासारखी दिसते.

दोन वर्षांपूर्वी एक मुलगी अगदी हेच घेऊन आली होती. प्लॉट ती स्वतः रोज बघत होती, तिला फरक दिसला होता, आणि टेबल काही मानायला तयार नव्हतं. मी तिला शेताचा नकाशा काढायला लावला. तिनं चौकोन काढले, वर बांध, खाली ओढा. चौथं रेप्लिकेशन ओढ्याच्या कडेला होतं. “तिथं पाणी साचायचं मॅडम, सगळेच प्लॉट पिवळे पडले होते.” ब्लॉक करायचा तो ह्याचसाठी. पाणी साचल्याचा परिणाम त्या ब्लॉकच्या सगळ्या ट्रीटमेंटवर झाला, तो वेगळा काढता येतो. तो काढल्याबरोबर एरर निम्म्यावर आला.

एक्सेल वापरणाऱ्यांसाठी खास सूचना. डेटा अ‍ॅनालिसिसच्या यादीत ‘टू-फॅक्टर विथ रेप्लिकेशन’ आणि ‘टू-फॅक्टर विदाउट रेप्लिकेशन’ असे दोन पर्याय आहेत. आपल्या प्रयोगात रेप्लिकेशन आहेत म्हणून मुलं हमखास पहिला निवडतात. साध्या आरबीडीला, प्लॉटमागे एक आकडा असताना, दुसरा लागतो. तिथे ‘रेप्लिकेशन’चा अर्थ एकाच खान्यात अनेक आकडे, असा आहे. तो आपल्या ब्लॉकसाठी वापरलेला शब्द नाही.

चौथी तपासणी: जोड्या कुठल्या कसोटीनं तपासल्या, आणि का?

शीर्षकातलं दुखणं इथलं आहे. वरच्याच टेबलावर चार कसोट्या लावून बघू.

सीडी: १२ डीएफचं टीचं मूल्य २.१७९, गुणिले वर्गमूळ (२ × एररचा एमएस ४ ÷ रेप्लिकेशन ४). उत्तर ३.०८. कंट्रोल आणि दुसरी ह्या दोघी चौथी-पाचवीपासून वेगळ्या निघतात. चार जोड्या.

टुकी: पाच सरासऱ्या आणि १२ डीएफसाठी क्यूचं मूल्य ४.५१, गुणिले वर्गमूळ (४ ÷ ४). उत्तर ४.५१. सगळ्यात मोठा फरक ४.० आहे. एकही जोडी नाही.

डनेट, म्हणजे फक्त कंट्रोलशी तुलना: २.८१ गुणिले सीडीतलंच वर्गमूळ १.४१४, उत्तर ३.९७. पाचवी ट्रीटमेंट कंट्रोलपेक्षा वेगळी, चौथी थोडक्यात हुकली.

शेफे, म्हणजे सरासऱ्यांच्या कुठल्याही मिश्रणाची तुलना: कंट्रोल आणि दुसरी एकीकडे, चौथी आणि पाचवी दुसरीकडे, अशा दोन सरासऱ्यांमधला फरक ३.८, त्याची प्रमाण त्रुटी १. शेफेची मर्यादा वर्गमूळ (४ × ३.२६), म्हणजे ३.६१. फरक सिग्निफिकंट.

हिशेब चौघांचाही बरोबर आहे, कारण चौघांना विचारलेला प्रश्न वेगळा आहे. एफ फक्त एवढंच सांगतो की पाच सरासऱ्यांमध्ये कुठेतरी, कुठल्यातरी मिश्रणात फरक आहे. इथे तो फरक दोन-विरुद्ध-दोन असा आहे, सुट्या जोडीत नाही. टुकी सुट्या जोड्याच बघते, आणि दहाच्या दहा जोड्या मिळून खोटा फरक निघण्याची शक्यता पाच टक्क्यांत ठेवते. त्यामुळे तिची मर्यादा वर जाते. एफ सिग्निफिकंट आणि टुकी गप्प, ह्यात विसंगती नाही. ते तसंच लिहा.

सीडीबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं, कारण आपल्याकडे कृषीच्या थिसिसमध्ये तीच चालते. पानसे-सुखात्मे यांचं १९५४ सालचं पुस्तक सगळ्यांच्या संदर्भयादीत असतं, आणि सीडीचं सूत्र त्याचा हवाला देऊन छापलं जातं. सीडी म्हणजे खरं तर जोडीजोडीची टी-टेस्ट, फक्त एरर सगळ्या प्रयोगातून घेतलेला. एकाही ट्रीटमेंटचा परिणाम नसताना पाच सरासऱ्यांच्या सगळ्या जोड्या तिनं तपासल्या, तर निदान एक खोटा फरक सापडण्याची शक्यता, एररचे डीएफ भरपूर असतील तेव्हा, सुमारे २९ टक्के असते. म्हणून नियम असा की आधी एफ सिग्निफिकंट हवा, मगच सीडी. लक्षणांतला दुसरा प्रकार, एफ नॉन-सिग आणि तरी सीडीनं जोड्या, हा नियम मोडल्यानं होतो. तीन ट्रीटमेंटपर्यंत हे कुंपण पक्कं असतं. त्याहून जास्त झाल्या की एखाद्या ट्रीटमेंटच्या खऱ्या फरकामुळे एफ सिग्निफिकंट होतो आणि त्या दारातून बाकीचे खोटे फरक आत येतात.

विज्ञानशाखांच्या सवयी वेगळ्या आहेत. शेतीत सीडी आणि डंकन, औषधशास्त्रात डनेट, मानसशास्त्रात टुकी आणि बॉनफेरोनी (डंकन आणि बॉनफेरोनी ह्याही जोड्या तपासायच्याच पद्धती). ह्या सवयींना इतिहास आहे. अ‍ॅनोव्हा घडवणारे सांख्यिकीतज्ज्ञ फिशर १९१९ पासून इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात होते, ती तिथेच शेतातल्या आकड्यांवर घडली. डंकन आणि डनेट दोघांच्याही कसोट्या १९५५ च्या. पण सवय हे कारण म्हणून लिहिता येत नाही. प्रश्नावरून ठरवा: सगळ्या जोड्या हव्या असतील तर टुकी, फक्त कंट्रोलशी तुलना असेल तर डनेट, आधीच ठरवलेल्या दोन-तीनच तुलना असतील तर तेवढ्यांसाठी होल्म (तुलनांच्या संख्येप्रमाणे निकष कडक करणारी पद्धत). हे डेटा बघण्याआधी ठरायला हवं. चारही लावून बघायच्या आणि ज्यात आपली ट्रीटमेंट जिंकते ती छापायची, हे मी कुणालाही करू देत नाही.

ट्रीटमेंट म्हणजे नत्राच्या मात्रा असतील, ०, २०, ४०, ६० किलो, तर जोड्या तपासूच नका. तिथे प्रश्न ‘२० आणि ४० वेगळे का’ हा नसून ‘मात्रा वाढवली की उत्पादन कसं वाढतं आणि कुठे थांबतं’ हा आहे. रेषा किंवा वक्र बसवा.

पाचवी तपासणी: पसारा सगळीकडे सारखा आहे का?

अ‍ॅनोव्हा सगळ्या ट्रीटमेंटचा पसारा एकत्र करून एकच एरर काढते. तणांची संख्या मोजली असेल तर खुरपणी केलेल्या प्लॉटमध्ये २, ३, १, ४ आणि न केलेल्यात ८५, १४०, ६०, ११०. ह्यांचा एकत्र एरर काढला तर तो पहिल्या गटाला फार मोठा आणि दुसऱ्याला फार छोटा पडतो. तणनाशकांमधले बारीक फरक त्यात गडप होतात. मोजणीच्या डेटाला वर्गमूळ (क्ष + ०.५) किंवा लॉग घेऊन विश्लेषण करायची जुनी पद्धत आहे, ती अजून चालते.

तपासायचं ते रेसिड्युअल (मूळ आकड्यातून मॉडेलचा अंदाज वजा करून उरतं ते), मूळ आकडे नव्हेत. सगळे २० आकडे एकत्र घालून शापिरो-विल्क (आकडे घंटेच्या आकारात पसरलेत का ते बघणारी कसोटी) लावणारे खूप भेटतात. ट्रीटमेंटमध्ये फरक असेल तर मूळ आकड्यांना दोन उंचवटे येणारच. मॉडेल बसवा, रेसिड्युअल काढा, त्यांचा आलेख नजरेनं बघा. फनेलसारखा पसरत जात असेल तर पसारा सारखा नाही.

गटांची संख्या सारखी असेल तर थोडीफार असमानता एफ सहन करतो. धोका तेव्हा, जेव्हा छोट्या गटाचा पसारा मोठा असतो. तेव्हा खोटे सिग्निफिकंट निकाल वाढतात. ब्लॉक नसलेल्या प्रयोगात तिथे वेल्चचा एफ आणि जोड्यांसाठी गेम्स-हॉवेल घ्या, दोन्ही असमान पसारा गृहीत धरतात.

लगेच क्रुस्कल-वॅलिस ह्या कसोटीकडे धावू नका. ती क्रमांकांवर चालते, सरासऱ्यांवर नाही, आणि तिला ब्लॉक कळत नाहीत. आरबीडीवर ती लावली की तिसऱ्या तपासणीतली चूक नव्यानं होते. ब्लॉक असतील तर तिथे फ्रीडमन, म्हणजे क्रमांकांवरचीच पण ब्लॉक धरणारी कसोटी.

सहावी तपासणी: एखादा प्लॉट गेला आहे का?

डुकरांनी एक प्लॉट खाल्ला, एक उंदीर मेला, तीन विद्यार्थी परीक्षेला आले नाहीत. आकडे कमी-जास्त झाले की सॉफ्टवेअर आपापली वाट धरतात. आरचा नेहमीचा अ‍ॅनोव्हा ज्या क्रमानं घटक लिहिले त्या क्रमानं एसएस काढतो, एसपीएसएस मूळ सेटिंगमध्ये टाइप थ्री देतो, म्हणजे प्रत्येक घटकाचा एसएस बाकीचे सगळे घटक धरून काढतो. लक्षणांतला तिसरा प्रकार बहुधा ह्यातलाच. आरमध्ये रेप्लिकेशन आधी आणि ट्रीटमेंट नंतर लिहा. गेलेल्या प्लॉटच्या जागी शून्य टाकू नका. खान्यात शून्य म्हणजे ‘पीक आलंच नाही’, रिकामा म्हणजे ‘माहीत नाही’.

सातवी तपासणी: ट्रीटमेंट नक्की कुणाला दिली?

इथे सगळ्यात जास्त थिसिस अडकतात. प्रत्येक प्लॉटमधून दहा झाडं मोजली, २० प्लॉट, २०० ओळी. सगळ्या ओळी जशाच्या तशा घातल्या की एररचे डीएफ १९५, किंवा रेप्लिकेशन टाकलं असेल तर १९२. एफ आकाशाला भिडतो, सगळे गुणधर्म सिग्निफिकंट. पण खत झाडाला दिलं नव्हतं, प्लॉटला दिलं होतं. कुठली ट्रीटमेंट कुठे हे ठरवायला चिठ्ठ्या टाकल्या त्या प्लॉटसाठी. एका प्लॉटमधली दहा झाडं एकाच मातीत, एकाच पाण्यावर वाढली. ती एकमेकांसारखी असणारच. त्यांच्यातल्या फरकाला एरर धरला तर प्लॉट-प्लॉटमधला खरा फरक मोजलाच जात नाही. परिस्थितिविज्ञानातले हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये ह्याला स्यूडोरेप्लिकेशन (खोटं रेप्लिकेशन) म्हटलं आणि तो शब्द रुळला.

उपाय साधा आहे: दहा झाडांची सरासरी काढा, प्लॉटमागे एक आकडा, २० ओळी. फार्मसीत हेच एका बॅचच्या तीन इंजेक्शनांना (मोजणीसाठी यंत्रात सोडलेल्या नमुन्यांना) लागू आहे. तीन इंजेक्शनं म्हणजे एका बॅचचं तीनदा मोजमाप, तीन बॅच नव्हेत.

शिक्षणशास्त्रातला प्रकार सर्वांत अवघड. तीन अध्यापनपद्धती, तीन तुकड्या, प्रत्येक तुकडीला एक पद्धत, तुकडीत ४० मुलं. १२० ओळी दिसतात, पण पद्धत तुकडीला दिली होती आणि प्रत्येक पद्धतीला एकच तुकडी आहे. फरक पद्धतीचा, शिक्षकाचा, की तुकडीचा, हे कुठलंही सॉफ्टवेअर वेगळं करू शकत नाही. रडवेलं होऊन मुलं विचारतात, काहीच नाही का करता येणार? सरासऱ्या आणि पसारा द्या, ही मर्यादा स्वच्छ शब्दांत लिहा, निष्कर्ष त्या तीन तुकड्यांपुरता ठेवा. त्याहून जास्त त्या डेटातून निघत नाही.

आठवी तपासणी: एरर एक आहे की दोन?

स्प्लिट प्लॉटमध्ये मोठ्या प्लॉटला पाण्याच्या पाळ्या आणि त्यातल्या छोट्या प्लॉटना वाण दिले, तर एरर दोन हवेत. तीन पाळ्या, चार वाण, चार रेप्लिकेशन असतील तर पाळ्यांसाठी एररचे डीएफ ६ आणि वाणांसाठी २७. टेबलात एकच एरर ३३ दिसला, तर पाळ्यांचा एफ खोटा फुगलेला असू शकतो. त्याच माणसाची साखर दर महिन्याला मोजली, त्याच झाडाची उंची दर पंधरवड्याला घेतली, तरी तेच: आकडे एकमेकांशी बांधलेले आहेत.

इथे थांबा आणि सांख्यिकीच्या माणसाला गाठा

स्प्लिट किंवा स्ट्रिप प्लॉट असून त्यातले प्लॉट गेले असतील. एकाच रुग्णाची वारंवार मोजमापं असून काही रुग्ण मध्येच गळाले असतील. दोन-तीन वर्षांचा किंवा अनेक ठिकाणांचा डेटा एकत्र करायचा असेल. बहुतेक आकडे शून्य असतील. किंवा अर्ध्यात मांडणी बदलावी लागली असेल. ह्या पाच प्रसंगी वर लिहिलेलं पुरत नाही. मिक्स्ड मॉडेलसारखी (एकापेक्षा जास्त एरर एकदम धरणारी) अवघड मॉडेल लागतात आणि ती नुसतं बटण दाबून बसत नाहीत. प्रयोग माणसांवरच्या उपचाराचा असेल तर पहिल्या तपासणीआधीच जा, कारण तिथल्या चुकीची किंमत दुसरा कुणीतरी मोजतो. कृषी विद्यापीठांत सांख्यिकीचा विभाग असतो, वैद्यकीय महाविद्यालयात जनवैद्यकशास्त्र विभागात चौकशी करा.

जाताना प्रिंटआउट नेला नाही तरी चालेल. शेताचा किंवा प्रयोगाचा हातानं काढलेला नकाशा न्या, चिठ्ठ्या कशासाठी टाकल्या ते लिहून न्या, मूळ नोंदवही न्या, आणि एका वाक्यात तुमचा प्रश्न न्या: कुणाची तुलना कुणाशी करायची आहे. पुढच्या हंगामाचा प्रयोग अजून पेरला नसेल, तर पेरणीच्या आधी जा.